शेतकरी सभांच्या जुन्या कॅसेट पुन्हा ऐकताना : तुमचे अनुभव सांगा

घाटंजीकडच्या आमच्या घरात माळ्यावरून वडलांची पत्र्याची पेटी खाली काढली. तीत शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या सभांच्या अकरा कॅसेट निघाल्या. त्या काळी आकाशवाणी नागपूरवर हवामान कळायचं, बाजारभाव कळायचे, फवारणीचा सल्ला मिळायचा. पण सरकारच शेतकऱ्याला लुटतं, हे सरकारी रेडिओवर कोण सांगणार? ते बोलणं कॅसेटमधून गावोगाव फिरलं. पारावर टेप मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी भोवती बसायचं.

सध्या मी त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवतोय. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटं द्यावीच लागतात, म्हणून एकही वाक्य सुटत नाही. माझ्या आठवणीत नुसता अंगार होता. ऐकतोय तर निम्मं भाषण हिशेबाचं: बियाणं, निंदण, वेचणी, बैलांचा चारा, घरच्यांची मजुरी, आणि एकाधिकार खरेदीत, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायच्या योजनेत, क्विंटलमागं हाती पडलेले पैसे. माणसं चिडत होती ती या बेरजेनं. लहानपणी मला फक्त चिडणं दिसलं. तुम्ही ऐकल्या असतील तर नक्की लिहा.

*

माही सासू 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाले गेली होती, गावातल्या बायांसंगं ट्रकमंधी बसून. त्याच्याआंधी तिनं अकोला जिल्हा बी ओलांडला नोहोता. लक्ष्मीमुक्तीची कॅसेट मंग आली. घरच्या बाईच्या नावानं जमीन करा, असं माणसाइले तोंडावर सांगतलं त्याच्यात. आंधी माणसं हासतात. मंग कोनीच हासत नाई, निस्ती टेपची घरघर. तेवढा चूप बसलेला वेळ मी तीनदा मांगं घेऊन आयकला. सासऱ्यानं दोन एकर तिच्या नावानं केलं. तो सातबारा तिनं देवाच्या कोनाड्यात ठेवला होता.

*

मी आर्वीकडचा. आमच्या घरी या कॅसेटवरून भांडणं झाली. जागतिक व्यापार खुला करायच्या डंकेल प्रस्तावाला जोशी साहेबांनी पाठिंबा दिला, खुल्या बाजाराची बाजू घेतली, तेव्हा वडलांनी संघटनेचा बिल्ला काढून ठेवला आणि काका संघटनेतच राहिले. दिवाळीला दोघे एका पंगतीत बसत नसत. आता दोघेही नाहीत. मागच्या आठवड्यात ती कॅसेट पुरी ऐकली. मला आजही ते पटत नाही. बाहेरचा कापूस आला की आमच्या कापसाचा भाव पडतो, हे मी वावरात राहून पाहिलंय. पण आमच्या घरात सांगत होते, जोशी साहेब विकले गेले. कॅसेटीत तसं काही नाही. सरकार अनुदान देतं म्हणतात, खरं तर भाव पाडून त्याहून जास्त काढून घेतं. मग दार उघडलं तर आपलं काय जाणार, असं पायरीपायरीनं मांडलंय. वडील ते शेवटपर्यंत न ऐकता उठले होते. याचं मला फार वाईट वाटलं.

*

मेहकरहून. उतरवणाऱ्यांसाठी एक सांगतो. कॅसेट थेट लावू नका. आधी पूर्ण पुढं, मग पूर्ण मागं गुंडाळून घ्या, फीत मोकळी होते. टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा यायच्या जरा आधी तीच घोषणा अगदी पुसट ऐकू आली, तर दचकू नका. फीत वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. तो काढून टाकू नका, असू द्या.

*

आमच्याकडं एकच उरली, कापूस आंदोलनाच्या वेळची. दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं उभं राहून विचारलंय, ‘साहेब, आम्ही माल रोखला तर सावकाराले काय सांगू?’ सभेत शांतता. जोशी साहेब उत्तर द्यायला लागतात, ‘बाबा, ...’ आणि तिथून पुढं माझ्या आत्याच्या लग्नातली मंगलाष्टकं. कुणीतरी त्यावरच टेप केलंय. ते उत्तर कुणाच्या कॅसेटीत असेल तर कृपा करून कळवा. मी पुसदला राहतो, घ्यायला येईन.