भाषा एकच, तरी परकेपण? माँट्रियालमधल्या फ्रेंचांचा सांस्कृतिक धक्का खरा की नुसते लाड?

हिमवाट
कॅनडाच्या क्युबेक या फ्रेंचभाषक प्रांतात, माँट्रियालच्या प्लातो भागात आमच्या वरच्या मजल्यावर फ्रान्समधल्या नाँतहून आलेलं जोडपं राहतं. ती नर्स आहे. या भागात फ्रान्सहून आलेले इतके, की पावाच्या दुकानातल्या रांगेत फ्रान्सचाच हेल जास्त ऐकू येतो. आपल्या मराठी मंडळींत मात्र त्यांचा विषय निघाला की एकच सूर लागतो: "फ्रेंच माणसाला क्युबेकात कसला आलाय धक्का? भाषा तर तीच!" मला हे पटत नाही. भाषा तीच आहे म्हणूनच त्यांना जास्त लागतं. आपण मुंबई सोडतानाच सगळं वेगळं असणार हे गृहीत धरलेलं असतं. ते बेसावध येतात.

गेल्या हिवाळ्यात तिने वॉर्डातल्या एका सहकारणीला आणि मला शनिवारी 'दिने'ला बोलावलं. फ्रान्समध्ये दिने म्हणजे रात्रीचं जेवण. क्युबेकात तेच दुपारचं, रात्रीचं ते 'सुपे'. फ्रान्समधलं दुपारचं 'देजने' इथे सकाळची न्याहारी. मी सहज बाराच्या सुमाराला वर गेले, तर सहकारीण दारात उभी. बुटांवर बर्फ, हातात घरी केलेली साखरेची टार्ट. आमच्या बाईंच्या केसांना टॉवेल आणि ओट्यावर न सोललेले बटाटे. घाईघाईने ऑम्लेट झालं. टार्ट चाखून शेजारीण म्हणाली, "पा माल." शब्दशः 'वाईट नाही'. फ्रान्समध्ये ही चांगली दाद असते, आपल्या 'बरं झालंय'सारखी. सहकारणीचा चेहरा पडला. पुढचा आठवडाभर दोघी कामापुरतंच बोलत होत्या. त्या रात्री ही माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "इंग्रजीत चुकले असते तर लोकांनी समजून घेतलं असतं. फ्रेंचमध्ये चुकले की मी उद्धट ठरते."

लावालकर
धागा मनापासून लिहिलाय, पण मी पूर्ण विरोधात आहे. आम्हाला इथल्या आरोग्य विम्यासाठी ३ महिने थांबावं लागलं. फ्रान्सचा सामाजिक सुरक्षेचा करार असल्याने त्यांची ती वाट टळते. २००८ साली फ्रान्स आणि क्युबेकने एकमेकांच्या व्यावसायिक पात्रता मान्य करण्याचा करार केला. फ्रेंच नर्सला रुग्णालयात ठरावीक दिवसांची उमेदवारी केली की परवाना मिळतो. माझी वहिनी नाशिकला नऊ वर्षं अतिदक्षता विभागात होती. तिच्या वाट्याला कागदपत्रांची छाननी, पुन्हा प्रशिक्षण, परीक्षा आणि शिवाय फ्रेंच. ज्याच्यासाठी दार उघडंच आहे त्याचा पाय उंबऱ्याला अडखळला, तर मी त्याला धक्का म्हणणार नाही.

आणि दुखावलेल्या क्युबेकी माणसाचं काय? १७६३ च्या पॅरिस तहात फ्रान्सने हा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. मागे राहिलेल्यांनी दोनशे वर्षं भाषा स्वतःच्या बळावर टिकवली, १९७७ साली तिच्यासाठी १०१ क्रमांकाचा कायदा केला. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या पाटीवर 'स्टॉप' असतं, इथे 'आरे'. ते 'वीकेंड' म्हणतात, हे 'फँ द स्मेन'. एवढं जपलेल्या माणसाच्या उच्चाराला कुणी हसलं, तर 'मेले फ्रेंच' अशा अर्थाची शिवी रूढ होणारच.

वर्धेची लेक
लावालकर, इतिहास बरोबर आहे, पण तो नाँतच्या नर्सच्या माथी का मारायचा? मी वर्ध्याहून पुण्याला शिकायला गेले. वर्गात "मी करून राहिली" म्हटलं आणि सगळे हसले. त्या दिवसापासून दोन महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. पुढे बंगळूरला कन्नड एक अक्षर येत नव्हतं, तरी असं कधीच वाटलं नाही. आपल्याच भाषेत परकं ठरणं काय असतं ते मला माहीत आहे. त्यामुळे हिमवाटताईंचं शंभर टक्के पटलं.

लावालकर
ताई, तुमच्या उदाहरणात हसणारे पुण्याचे होते. इथे पुणं म्हणजे फ्रान्स. क्युबेकच्या काही सिनेमांना फ्रान्समध्ये फ्रेंचच उपशीर्षकं लावतात. तुमच्या वर्गातली जागा क्युबेकी माणसाची आहे, शेजारणीची नव्हे.

हिमवाट
हा मुद्दा मी मानते, आणि तो मला सुचला नव्हता. फक्त एक सांगते, ती कधी कुणाच्या उच्चाराला हसलेली नाही. तिचं अडतं ते दुसरीकडे. फ्रान्समध्ये बैठकीत "हे चुकतंय" असं तोंडावर म्हणणं हा कामाचाच भाग. इथे तिने तसं म्हटलं तेव्हा कुणी वाद घातला नाही, सगळे गप्प झाले. दोन दिवसांनी वरिष्ठांनी बाजूला घेऊन सांगितलं की तुझा सूर टोचतो. दुसरीकडे अनोळखी पेशंटही पहिल्या वाक्यापासून 'तु' म्हणतो. तिला 'वू'ची सवय, म्हणजे आपलं अहो-जाहो. तिने 'वू' म्हटलं की लोकांना ती अंतर ठेवतेय असं वाटतं. दुकानातल्या किमतीवर वेगळा कर लागतो, ५ आणि ९.९७५ टक्के, त्याची सवय महिन्याभरात झाली. या दोन गोष्टींची तीन वर्षांत झाली नाही.

लावालकर
'तु'-'वू'चं पटलं. अहो-जाहो सुटत नाही, माझंही सुटलेलं नाही. परवान्याचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, तो अन्यायच आहे. वहिनीची परीक्षा जवळ आली आहे. तिला पुस्तकी फ्रेंच येतं, वॉर्डातलं बोलणं कळत नाही. तुमच्या शेजारीणबाई शनिवारी तासभर तिच्याशी बोलतील का, तेवढं विचारून बघा.