दिव्यांग मुलांसाठी शहरात एकच मोठं उद्यान, की प्रत्येक प्रभागातली बाग खेळण्याजोगी?

प्रभागकर

नागपुरात पारडीला ‘अनुभूती’ या समावेशक उद्यानाची घोषणा २०२३ मध्ये झाली. जागा ९० हजार चौरस फूट, खर्च सुमारे १२ कोटी. असं एक आपल्याही शहरात हवं, असं कुणालाही वाटेल. तरी माझं मत वेगळं आहे. मूल रोज संध्याकाळी खेळतं, शेजारच्या पोरांबरोबर आणि भावंडांबरोबर. दहा किलोमीटरवरच्या उद्यानात ते वर्षातून दोनदा जाईल, आणि ती सहल होईल.

म्हणून पैसा प्रभागातल्या जुन्या बागांत जावा. गेटपासून खेळण्यांपर्यंत दीड मीटर रुंद, पक्की, सलग वाट. पाठीला आधार आणि पट्टा असलेला एक झोका, नेहमीच्या झोक्यांच्याच रांगेत. आडवं झोपता येईल असा एक टोपली झोका. वाळूचं एक उंच टेबल, ज्याखाली ७० सेंटिमीटर मोकळी जागा राहील, म्हणजे व्हीलचेअरवरच्या मुलाचे गुडघे आत जातात. आणि सावली. आधी मात्र गेट बघा. दुचाकी आत येऊ नये म्हणून बसवलेलं फिरतं गेट व्हीलचेअरलाही अडवतं. तिथे १ मीटर मोकळं अंतर ठेवून खांब रोवले की व्हीलचेअर आत जाते.

खेळोपचार

असहमत. प्रभागातल्या बागेत प्रत्यक्षात एक पट्ट्याचा झोका आणि ‘समावेशक’ असा फलक, एवढंच पोचतं. तुमच्या यादीत स्वच्छतागृह नाही, तिथेच गाडं अडतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाचं डायपर बदलायला बाळांचं फळकूट चालत नाही. मोठ्या माणसाला झोपता येईल असा बाक आणि व्हीलचेअर वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. हे नसेल तर आई तासाभरात मुलाला घेऊन घरी परतते.

तीच गोष्ट कुंपणाची. स्वमग्न मुलांतली काही अचानक धावत सुटतात. बाग रस्त्याला लागून असेल तर चारी बाजूंनी कुंपण, एकच दार आणि गोंगाटापासून लांब एक शांत कोपरा हवा. व्हीलचेअरसकट बसायचा झोका घ्यायचा तर खुर्ची, मूल आणि लोखंडी तळ यांचं वजन शंभर किलोच्या पुढे जातं. त्याच्या वाटेत दुसरं मूल आलं तर गंभीर इजा होते. त्याला वेगळं कुंपण आणि माणूस लागतो. हे सगळं चाळीस बागांत कोण पुरवणार?

लेव्हलपट्टी

वाद लहान-मोठ्याचा असला तरी काम दोन्हीकडे त्याच जागी बिघडतं. जमिनीला समतल बसणारं, मुलांना बसवून गोल फिरवायचं चक्र सगळ्यांना आवडतं, कारण व्हीलचेअर थेट वर जाते. पण त्याखाली खड्डा असतो. पावसाळ्यात तो भरतो आणि बेअरिंग गंजतं. खड्ड्याच्या तळातून ११० मिमीचा पाइप काढतात खरा, पण बाहेरच्या गटाराची पातळी तळापेक्षा वर असेल तर त्याच पाइपातून पाणी उलटं आत येतं. आधी लेव्हल घ्या. उतार मिळत नसेल तर चक्र नकोच.

रबरी पृष्ठभागाचंही तसंच. निविदेत सरसकट ‘ईपीडीएम २५ मिमी’ लिहिलेलं असतं; ईपीडीएम म्हणजे वरच्या रंगीत थराचं कृत्रिम रबर. जाडी पडण्याच्या उंचीवर ठरते. दीड मीटरवरून पडण्याची शक्यता असेल तर खाली टायरच्या चुऱ्याचा थर आणि वर रंगीत थर मिळून त्याहून बरीच जास्त जाडी लागते. ईएन ११७७ या युरोपीय मानकाप्रमाणे डोक्याला बसणाऱ्या धक्क्याचा निर्देशांक १००० च्या आत हवा. ही चाचणी बसवल्यानंतर जागेवर घ्यायची. कारखान्याच्या प्रमाणपत्रावर बिल काढू नका.

ही खेळणी बहुधा दरसूचीत, म्हणजे सरकारी ठरलेल्या दरांच्या यादीत, नसतात. मग तीन दरपत्रकं मागवून दरपृथक्करण, म्हणजे दर कसा आला त्याची फोड, करावं लागतं, आणि बहुतेक अंदाजपत्रकं तांत्रिक मान्यतेला तिथेच रखडतात. ते काम पहिल्या दिवशी हाती घ्या. दोषदायित्व, म्हणजे बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, तीन वर्षं ठेवा. झोक्याचे बुश आणि साखळ्यांचे सुटे भाग निविदेतच मागून घ्या.

निधीरक्षक

दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेला पैसा कुठला आहे? महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखायचा असतो, आधी तो ३ टक्के होता. साहित्य, उपचार, स्वयंरोजगार यांना तोच पैसा जातो. त्यातून बागेची वाट करणं मला पूर्ण अमान्य आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार सार्वजनिक जागा सुगम करणं हे त्या-त्या विभागाचं कर्तव्य आहे. वाट, गेट, स्वच्छतागृह हा उद्यान विभागाचा भांडवली खर्च. बाग नव्याने होत असेल तर वाटेसाठी वेगळं लेखाशीर्ष मागूच नका, तो मूळ कामाचाच भाग असू द्या.

खेळण्यांसाठी कंपन्यांचा सामाजिक निधी चालेल. पण त्यातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती महापालिकेकडे किंवा नोंदणीकृत संस्थेकडे द्यावी लागते, आणि देखभालही तिकडेच जाते. करारात देखभालीची रक्कम आणि वर्षं लिहिलेली नसतील तर देणगी घेऊ नका.

प्रभागकर

निधीचा मुद्दा मान्य. पैसा कुठल्या खात्यातून यावा हे मी मूळ मांडणीत सांगितलंच नव्हतं, ती चूक होती.

व्हीलचेअर झोक्याबाबत मात्र नाही. ऑस्ट्रेलियात ‘लिबर्टी स्विंग’ कुंपणात आणि कुलपात ठेवला जातो, किल्ली वेगळी मिळवावी लागते. मूल बागेत असतं, पण बाकीच्यांपासून तुटलेलं. त्या पैशात टोपली झोके येतात आणि तीन मुलं एकत्र झुलतात.

आणि उन्हाचं काय? मे महिन्यात काळपट रबर इतकं तापतं की अनवाणी पाय भाजतात. ज्या मुलांना पायांत संवेदना नाही त्यांना भाजल्याचं कळतही नाही. फिकट रंग आणि छत ही सुरक्षेची बाब आहे. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर वीज साठते आणि कॉक्लियर इम्प्लांटच्या (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेल्या यंत्राच्या) बाह्य प्रोसेसरला, विशेषतः जुन्या, त्रास होऊ शकतो. म्हणून स्टीलची घसरगुंडी बरी. ती तापते, तेव्हा तोंड उत्तरेला आणि वर सावली.

खेळोपचार

टोपली झोक्यात मानेचा तोल नसलेल्या मुलाला उचलून ठेवावं लागतं. मूल तीस किलोचं झालं की आईला ते जमत नाही. हाच प्रश्न घसरगुंडीच्या चौथऱ्याचा. खुर्चीच्या उंचीच्या ओट्यावर सरकून पुढे पायऱ्या चढायच्या, हे हातात बळ असलेल्या मुलांपुरतंच. उतारमार्ग काढायचा तर ९० सेंटिमीटर उंचीला १:१२ ने जवळजवळ ११ मीटर रॅम्प, शिवाय मधे टप्पे. लहान बागेत तेवढी जागा नसते, म्हणूनच मी मोठ्या उद्यानाच्या बाजूने आहे.

लेव्हलपट्टी

लोखंडी रॅम्पऐवजी मातीचा उंचवटा करून बघा. १:१५ ची वळणदार वाट वर न्यायची आणि घसरगुंडी उतारावरच टेकवायची. पडण्याची उंची जवळपास उरत नाही, म्हणजे जाड रबरही वाचतं. माती २०-२० सेंटिमीटरच्या थरांत दाबून घ्या आणि एक पावसाळा जाऊ द्या, वाट त्यानंतर. घाई केली तर पहिल्याच जुलैत खचते. पण ३०० चौरस मीटरच्या आत हे बसत नाही, हे खरं.

खेळोपचार

मग प्रत्येक प्रभागात सगळं नको. क्षेत्रीय कार्यालयागणिक एक बाग घ्या, ज्यात उंचवटा, बाकासह स्वच्छतागृह आणि दुपारी-संध्याकाळी माणूस. बाकी बागांत गेट, वाट, सावली. शहरासाठी एकच उद्यान हा आग्रह मी सोडते. स्वच्छतागृहाचा सोडत नाही.