प्रक्रिया केलेला मैलागाळ आणि जंतांची अंडी

मैलागाळ, म्हणजे सांडपाणी शुद्ध करताना उरणारा गाळ, शेतात खत म्हणून घालताना "प्रक्रिया झाली म्हणजे जंत मेले" असं म्हणतात, ते अर्धंच खरं. प्रक्रिया कोणती? ३५ अंशांच्या पाचन टाकीत (जिथे गाळ हवेविना कुजवतात) बरेच जिवाणू मरतात, पण ॲस्कॅरिस या गोलजंताची अंडी जाड कवचामुळे तगतात. अमेरिकेच्या १९९३च्या नियमांतली 'ब' वर्गाच्या, म्हणजे रोगजंतू कमी झालेल्या पण पूर्ण न संपलेल्या गाळाची अट बघा. गाळ निदान ४ महिने जमिनीवर उघडा ठेवून मग मातीत मिसळला, तर गाजर-बटाटा गाळ टाकल्यापासून २० महिन्यांनी काढायचा. त्याआधीच गाडला तर ३८ महिन्यांनी! उन्हानं, सुकण्यानं अंडी मरतात, मातीखालच्या ओलीत मात्र वर्षानुवर्षं जगतात. म्हणजे वास नको म्हणून लगेच नांगर फिरवणं उलट महागात पडतं. गाळाचा ढीग रचून ५५ अंशांवर १५ दिवस, पाचदा उलटून तापवलेला असेल, तर गोष्ट वेगळी.