अनुभव धागा: मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात कशा आणता?

मागीलदार
आमच्याकडे कुडाळजवळच्या वाडीत घरोघरी देशी कोंबड्या आहेत. दिवसभर त्या परसात, बागेत, शेजाऱ्यांच्या मळ्यात चरतात. जुन्या कोंबड्या दिवेलागणीला आपणहून खुराड्यात शिरतात, पण यंदाच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, फणसावर चढून बसायला लागल्या आहेत. रात्री उदमांजर फिरतं, त्यामुळे मला झोप लागत नाही. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, म्हणून उजेड आहे तोवरच ती रात्रीची जागा धरते. त्यात मूळ रानकोंबडीचं, म्हणून जितकं उंच तितकं तिला सुरक्षित वाटतं. हे सगळं कळतं, पण तुम्ही त्यावर काय करता ते लिहा. पोल्ट्रीतल्या बंदिस्त पक्ष्यांचं नको, मोकळ्या फिरणाऱ्यांचंच हवं. काठी घेऊन मागे धावायचा सल्लाही नको. पळवलेली कोंबडी दुसऱ्या दिवशी आणखी लांब जाते.

कण्याकोंडा
भुदरगड तालुका. आमच्या घरी एकच नियम: संध्याकाळचा दाणा खुराड्याच्या आतच. सकाळी सोडताना मूठभर कण्या टाकायच्या, दुपारी काही नाही, त्यांचं त्यांनी किडामुंगी शोधावं. ऊन कललं की आई पत्र्याच्या डब्यात ज्वारी खुळखुळवते आणि तोंडाने 'ती-ती-ती' करते. बांधापलीकडून पंख पसरून पळत येतात. मात्र डबा वाजवला आणि दाणा दिला नाही असं एकदाही होऊ द्यायचं नाही. पोरांनी खेळ म्हणून डबा वाजवला तर आई खरोखर रागावते. हा डबा पिलं असल्यापासून वाजवायचा, म्हणजे तलंग होईपर्यंत तो आवाज तिच्या अंगात भिनतो.

सुगरण_सातारा
कण्याकोंडा, सहमत. माझी आजी त्याच वेळी दाराशी बसायची आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकीच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपायची. भरलेली असेल तर ठीक. रिकामी असेल तर ती आजारी आहे किंवा बाकीच्या तिला खाऊ देत नाहीत. मोजणी आणि तपासणी एकदमच व्हायची. रोग वाडीत शिरायच्या आधी तो आजीच्या बोटांना कळायचा, हे मी पाहिलेलं आहे.

बोरधरण
वर्धा जिल्हा. आमचा प्रश्न वेगळा. मे महिन्यात कोंबड्या आतच जात नव्हत्या, दारापर्यंत येऊन परत फिरायच्या. कारण पत्रा. दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली संध्याकाळी सातलाही हात ठेवता येत नाही, कोंबडी कशी बसेल? तिला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकूनच अंग थंड करते. पत्र्यावर तुराट्या आणि गवताचा जाड थर टाकला, दोन बाजूंच्या फळ्या काढून बारीक जाळी ठोकली, चार वाजता गोणपाट ओलं करून टाकायला लागलो. त्यानंतर हाकलावं लागलं नाही. माझं ठाम मत झालंय की कोंबडी खुराड्यात जात नसेल तर आधी आपण आत डोकं घालून बघावं.

पाणंद
बोरधरण, अगदी हेच लिहायला आले होते. आमच्या जुन्या, शहाण्या कोंबड्या अचानक बाहेर बसायला लागल्या तेव्हा सगळे म्हणाले साप शिरला असेल. साप नव्हता. रात्री बॅटरी घेऊन कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूला पांढरं फडकं पुसलं तर त्यावर रक्ताच्या रेघा. बारीक तांबड्या किडी असतात, दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काही सापडत नाही, म्हणून लक्षातच येत नाही. तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात. दांड्या काढून उकळतं पाणी ओतलं, फटींत चुना भरला, आतून सगळीकडे चुन्याची सफेदी केली, उन्हात वाळवलं. त्यांच्या अंड्यांतून निघणारी नवी पिढी संपावी म्हणून आठवड्याने पुन्हा तेच. ज्यांच्या कोंबड्यांची आत जायची सवय का मोडली ते कळत नाही त्यांनी आज रात्रीच फडकं पुसून बघा, कृपया.

मागीलदार
पाणंद, आजच बघते. आणखी एक विचारते: आमच्या तलंगा सगळ्यात शेवटी येतात, दारात घुटमळतात आणि मग झाडाकडे वळतात. हे कशामुळे?

तांबडा_तुरा
चोचीमुळे. कोंबड्यांत वरखाली ठरलेलं असतं, वरची खालचीला टोचते. थोरल्या आधी शिरून उंच दांडी पकडतात आणि धाकटी दारात आली की डोक्यात टोचतात. ती बिचारी अंधार पडेपर्यंत थांबते, मग मिळेल तिथे बसते. उपाय जागा वाढवणं. एका कोंबडीला दांडीवर निदान वीतभर जागा हवी, दांड्या शक्यतो एकाच उंचीवर, म्हणजे वरच्या जागेसाठी भांडण नाही. जमलं तर दुसरं दार. आणि आत मिणमिणता का होईना, उजेड ठेवा. बाहेर संधिप्रकाश आणि आत काळोख असेल तर तिला आतलं दिसतच नाही, मग ती पाय टाकत नाही. सगळ्या स्थिरावल्या की दिवा बंद. गिरिराज, वनराजसारख्या जड जातींना उंच उडी जमत नाही, त्यांना चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी लागते.

ढगाळ_हवा
इंग्लंडच्या उत्तरेकडे, नॉर्थम्बरलँडला असतो. इथे जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड. कोंबड्या दहाच्या पुढे आत जाणार, आणि कोल्हा त्याच सुमारास निघतो. उजेड मोजून आपोआप बंद होणारं दार बसवलं आहे, तरी रोज स्वतः जाऊन मोजतो, कारण दार बंद झालं म्हणजे सगळ्या आत आहेत असं नाही. आता इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. बर्ड फ्लूमुळे ७ नोव्हेंबर २०२२ पासून १८ एप्रिल २०२३ पर्यंत इंग्लंडभर कोंबड्या बंदिस्त ठेवायचा हुकूम होता. त्या हिवाळ्यात त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून कोबीचे गड्डे टांगायचो. उन्हाळ्यात मोकळ्या सोडल्यावर एकीनेही झाड धरलं नाही, सगळ्या त्याच दांडीवर परत. नवीन आणलेल्या कोंबड्यांना मी याचमुळे पहिला आठवडाभर आतच ठेवतो. घर कुठलं हे त्यांना पटायला वेळ लागतो.

डालगं
एक-दोन कोंबड्या असतील तर खुराडंही नको. बुरुडाकडचं डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, कोंबडीवर पालथी घालायची, वर दगड, खाली राख. मात्र ओसरीवर, घराच्या आत. अंगणात ठेवलेलं डालगं कुत्री उलथतात.

नदीकाठ
पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही. जुलैत आभाळ भरून आलं की कोंबड्या साडेपाचलाच आत जातात. आपण घड्याळ बघून सातला जातो आणि मधल्या वेळात दार उघडं. दार आभाळ बघून लावायचं.

कण्याकोंडा
मागीलदार, झाडावरच्यांसाठी. पूर्ण अंधार पडला की शिडी लावा. पोटाखालून हात घालून दोन्ही पंख अंगाशी धरून उचलायच्या, पाय ओढायचे नाहीत. अंधारात त्या शांत असतात. आणून थेट दांडीवर ठेवायच्या, जमिनीवर नाही, आणि सकाळी बाकीच्यांपेक्षा उशिरा सोडायच्या. सलग करावं लागतं, मध्ये खंड पडला की पुन्हा झाड. फारच उडणारी असेल तर एकाच पंखाची लांब पिसं कापतात, तोल जातो म्हणून उंच उडता येत नाही. दुखत नाही, पिसं झडली की नवी येतात. वाढत्या, रक्त असलेल्या पिसाला मात्र कात्री लावू नका. आणि जिथे दिवसा कुत्री किंवा मुंगूस येतात तिथे पंख कापूच नयेत, उडून वाचायची तिची सोय जाते.

सुगरण_सातारा
आणि मोजताना एकच कमी भरली, ती रोज तीच असली, तर झाडं धुंडाळू नका. खुडूक बसली असेल. कुठेतरी सरपणात, कडब्याच्या गंजीत अंडी घालून बसते आणि दिवसातून एकदाच खायला उठते. दुपारी दाणा टाकायचा, ती घाईघाईने खाऊन निघाली की लांबून मागे जायचं. जागा सापडली तरी दिवसा हात लावायचा नाही. रात्री अंड्यांसकट टोपलीत घेऊन कोपऱ्यात, इतर कोंबड्यांपासून वेगळी ठेवायची, वर डालगं घालून. बसल्यापासून एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिलं निघतात.

मागीलदार
सुगरण_सातारा, आमची एक पांढरी गेल्या आठवड्यापासून मोजणीत नाही. उद्या दुपारी दाणा टाकते.