तुमचा इमर्जन्सी दिवा कशाने गेला? अनुभव सांगा

फोंडा
परवा रात्री पावसात लाईट गेली. कपाटावरचा दिवा काढून बटण दाबलं तर दोनदा लुकलुकला आणि विझला. रात्रभर चार्जिंगला लावला. लाल टिकली पेटते, पण पिन काढली की काळोख. मागच्या चवथीनंतर त्याला कुणी हातच लावला नव्हता, हे कबूल. आत 6 व्होल्ट, 4.5 एएचची बॅटरी दिसते. भंगारात टाकायच्या आधी विचारते: तुमचे दिवे कशाने गेले, आणि परतले असतील तर कशाने?

पर्वरी
ताई, चार्जरची पिन काढा, तास-दोन तास थांबा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. भरलेली चांगली बॅटरी 6.3-6.4 दाखवते. माझी 4.2 वर अडून बसली होती. या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे तीन सेल असतात, त्यातला एक मेला होता. असल्या बॅटरीला आठवडाभर चार्जिंगला ठेवलं तरी उपयोग नाही, बदलावीच लागते. तारा काढायच्या आधी लाल कुठे, काळी कुठे याचा मोबाईलवर फोटो घ्या. मी घेतला नव्हता. एलईडीची अख्खी पट्टी गेली.

डिचोली
आमच्या दिव्यात पालीची दोन अंडी निघाली. बाकी सगळं ठीक होतं, फक्त बटण गंजलेलं. पंधरा मिनिटांचं काम.

म्हापसा
दुरुस्तीच्या धंद्यात आहे म्हणून थोडं लांबण लावतो. लाल टिकली पेटली म्हणजे बॅटरी भरतेच असं नाही. स्वस्त दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. 230 व्होल्ट करंट आवरणाऱ्या एका चौकोनी कपॅसिटरमधून जातात, पुढे एसीचा डीसी करणारे चार डायोड, मग बॅटरी. त्या कपॅसिटरवर 105 लिहिलेलं असतं, म्हणजे 1 मायक्रोफॅरड. नवा असताना तो साधारण 70 मिलिअँपियर देतो. वर्षं गेली की आतून झिजत जातो. माझ्याकडे आलेला एक मोजला तर 0.3 भरला, म्हणजे करंट तिसऱ्या हिश्शावर. टिकलीला तेवढा पुरतो, बॅटरीला नाही. गिऱ्हाईक दोनदा बॅटरी बदलून आलं होतं, दोष मात्र या कपॅसिटरचा.

आता महत्त्वाचं. ट्रान्सफॉर्मर नाही म्हणजे पिन लावलेली असताना बॅटरीची टोकंसुद्धा मेन लाईनला जोडलेली असतात. उघडा दिवा चार्जिंगला लावून आत बोट घालू नका. पिन काढल्यावरही कपॅसिटर चटका देऊ शकतो. मला बसलाय, आणि मी रोज हेच करतो.

कळंगुट
दर्या हाकेवर, त्यामुळे आमच्याकडे लोखंड टिकत नाही तिथे दिवा काय टिकणार! बॅटरी 6.3 दाखवत होती, तरी उजेड नाही. टोकावरची चपटी क्लिप ओढली तर आत हिरवा थर. पॉलिशपेपरने घासली, पक्कडीने जरा आवळली, लागला.

वाळपई
आमचा बिघाड नव्हताच. होल्डरमध्ये लावायचे ते बॅटरीवाले बल्ब घेतलेत, वीज गेली की आपोआप पेटणारे. विजा कडाडायला लागल्या की बाबा मेन स्विच पाडतात, फ्रिज-टीव्हीच्या पिना काढतात, सगळी बटणं बंद करतात. मग या बल्बांचं बटण दाबलं तरी काळोखच. दुकानात नेले तर मजेत पेटले! परत आणले, पुन्हा तेच. शेवटी आईने सवयीने पंख्याचं बटण दाबलं. मेन बंदच, पंखा हलला नाही, पण बल्ब पेटला. लाईनवर दुसरं काही जोडलेलं असलं तरच या बल्बाला वीज गेल्याचं कळतं. सगळंच तोडलं तर त्याला वाटतं, आपलंच बटण बंद केलंय.

काणकोण
तौक्ते वादळात, मे 2021 मध्ये, आमचा लिथियमवाला दिवा पार विझेपर्यंत जाळला आणि तसाच ठेवून दिला. दिवाळीला काढला तर आतला चपटा सेल उशीसारखा फुगलेला. चार्ज करून बघायचा मोह झाला होता. भावाने हिसकावून अंगणात फरशीवर ठेवला. फुगलेला सेल टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका.

फोंडा
मोजली. 1.8 व्होल्ट! पर्वरीच्या भाऊंचं 4.2 तरी बरं म्हणायचं. दुकानदार म्हणाला, शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरत जाते आणि रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं. दोन-तीन महिन्यांनी एकदा भरायलाच हवी. नवी घातली, जुनी त्याने वजनावर घेतली. दिवा लागला. डिचोलीवाल्यांसाठी: पाल नव्हती, मुंग्यांचं वारूळ होतं.