असाकुसाच्या शोतेनला 'आपला बाप्पा' म्हणायचं का?

वैशाली:
टोकियोच्या असाकुसा भागात सेन्सोजी मंदिर बघून झालं की आपले काही ग्रुप जवळच्या, सुमिदा नदीकाठच्या मात्सुचियामा शोदेन या बौद्ध मंदिरात जातात. 'इथे गणपती आहे' एवढंच सांगितलेलं असतं. आमच्या ग्रुपने तर गाभाऱ्यासमोर 'मंगलमूर्ती मोरया'चा गजर केला. शेजारी एक आजी पांढरा मुळा वाहून डोळे मिटून उभ्या होत्या. त्या दचकल्या, देवाला वाकून नमस्कार केला आणि निघून गेल्या. मला ते अजून टोचतं. तिथला देव कांगितेन, त्यालाच शोतेनही म्हणतात. त्याची मूर्ती भाविकांनाही दाखवत नाहीत, आणि आपण मोबाईल उंचावून ती शोधत होतो! दुसऱ्याच्या देवघरात आपण पाहुणे असतो. 'आपलाच देव' म्हटलं की नेमकं तेच विसरायला होतं.

अनिरुद्ध:
आजींचं वाचून वाईट वाटलं. गजर नकोच. पण नातं का नाकारायचं? हा मूळचा विनायकच. तांत्रिक बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला गेला. त्याला तेलाने न्हाऊ घालतात, म्हणजे अभिषेकच की. क्योतोला 'कांगिदान' मिळतं: पुरचुंडीसारखं, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, तिळाच्या तेलात तळलेलं. ते हातात घेतल्यावर मला थेट आईचे तळणीचे मोदक आठवले. तिथली बेन्झाइतेन देवी तर आपली सरस्वती, हातात वीणेसारखं बिवा हे वाद्य. माहेरचं माणूस परदेशी भेटलं तर ओळख दाखवायची नाही?

वैशाली:
माहेर सोडून हजारावर वर्षं झाली, अनिरुद्ध. कांगितेन बहुतेक वेळा जोडमूर्ती असतो, दोन गजमुखी देह एकमेकांना मिठी मारलेले. तिथले लोक त्याला फार कडक देव मानतात. हे काहीच ठाऊक नसताना 'आपला' म्हणणं मला तरी हक्क गाजवल्यासारखं वाटतं.

टोकियोकर:
आठ वर्षं इथे राहतोय. मूळ घोटाळा असा की आपली माणसं देऊळ आणि जिंजा यांत फरकच करत नाहीत. जिंजात, म्हणजे जपानच्या मूळच्या शिंतो धर्माच्या देवस्थानात, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. 1868 साली सरकारने फर्मान काढून दोन्ही वेगळे केले. त्याआधी शेकडो वर्षं ते एकमेकांत मिसळलेलेच होते, त्यामुळे खुणा गोंधळात टाकतात. शोदेनला आवारात मुळा विकत मिळतो, तो वाहायचा. वाहिलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून देतात. मी एक घरी आणून दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली. तेव्हा नातं की परकेपणा, असला प्रश्नच मनात आला नाही.

अनिरुद्ध:
पुढच्या खेपेला मीही मुळाच वाहीन. पण मनातल्या मनात 'वक्रतुंड महाकाय' म्हणणारच.

वैशाली:
मनात म्हणा की. माझं भांडण आवाजाशी आणि मोबाईलशी आहे. 'आपला' या शब्दाशीही आहे, तो अजून पटलेला नाही.