पॅसिव्ह व्हॉल्यूम कंट्रोलनंतर स्वस्तातला ट्यूब बफर: उपयोग होईल का, आणि कुठला घ्यावा?

मंद्र_पंचम
जोडणी अशी आहे: डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं यंत्र (२ व्होल्ट, आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलच्या वाटेतला अडथळा, १०० ओहम), मग ५० किलोओहमचा पॅसिव्ह (वीज न लागणारा) व्हॉल्यूम कंट्रोल, म्हणजे नुसता पॉट (फिरवायचा रेझिस्टर), ६ मीटर आरसीए केबल आणि पॉवर ॲम्प (इनपुट ४७ किलोओहम). पॉवर ॲम्प स्पीकरजवळ ठेवल्यामुळे केबल लांब आहे.

पॉट मधल्या टप्प्यात असला की झांजांची चमक बसते. डॅकमध्येच आवाज कमी करून पॉट पूर्ण उघडला, तर तेवढ्याच आवाजाला चमक परत येते. १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालणारे, दोन ६जे१ ट्यूबचे बोर्ड ‘बफर’ (सिग्नल न वाढवता पुढचा भार उचलणारा टप्पा) म्हणून मिळतात. त्याने हे सुटेल का? तो जोडायचा कुठे?

शून्य_व्होल्ट
केलेल्या चाचणीतच कारण सापडतंय. ५० किलोओहमच्या पॉटचा आउटपुट इम्पीडन्स सगळ्यात जास्त होतो तो सिग्नल निम्मा, म्हणजे ६ डेसिबलने कमी असताना, आणि तेव्हा तो १२.५ किलोओहम असतो. ॲम्पचे ४७ किलोओहम समांतर धरले तर साधारण १० किलोओहम. केबलची कपॅसिटन्स (वीजभार साठवण्याची क्षमता, तीच वरच्या फ्रिक्वेन्सी गाळते) मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर ६०० झाली, ॲम्पच्या इनपुटची आणखी २०० धरा. १० किलोओहम आणि ८०० पिकोफॅरड म्हणजे २० किलोहर्ट्झला ३ डेसिबल घट, १० किलोहर्ट्झलाही जवळपास १ डेसिबल. एवढी घट झांजांवर कळते. पॉट पूर्ण उघडला की केबलला थेट डॅकचे १०० ओहम दिसतात, म्हणून चमक परत येते.

तेव्हा बफरचं इथे खरंच काम आहे. पण तो पॉटच्या लगेच पुढे हवा, लांब केबलच्या आधी. ॲम्पच्या टोकाला लावलात तर पॉटला ती ६ मीटर केबल ओढावीच लागेल आणि काहीच बदलणार नाही. पॉट ते बफर केबल अर्ध्या मीटरच्या आत ठेवा.

डॅक थेट ४७ किलोओहमच्या ॲम्पला जोडलेला असता, तर मी बफर घेऊ नका असंच म्हटलं असतं. तिथे इम्पीडन्सची अडचणच नसते. ऐकू येतो तो ट्यूबचा सेकंड हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा मिसळलेला सूर) आणि बऱ्याचदा नुसता वाढलेला आवाज.

सोल्डरगन
एक सावधगिरी. ‘बफर’ नावाने विकला जाणारा प्रत्येक बोर्ड बफर नसतो. खरा बफर म्हणजे ट्यूबच्या कॅथोडवरून आउटपुट घेणारा कॅथोड फॉलोअर: गेन (सिग्नल किती पट होतो ते) १ पेक्षा किंचित कमी, आउटपुट इम्पीडन्स थोडा. ६जे१ च्या बऱ्याच स्वस्त बोर्डांत आउटपुट अॅनोडवरून (ट्यूबच्या पॉझिटिव्ह टोकावरून) घेतलेलं असतं, म्हणजे तो गेन देणारा प्रीॲम्प झाला.

ओळखायला सोपं आहे. वीज काढा, ट्यूब काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि आउटपुट कपॅसिटरचं ट्यूबकडचं टोक कुठल्या पिनला जातं ते बघा. ६जे१ मध्ये ५ नंबरची पिन अॅनोड, २ आणि ७ कॅथोड. १२एयू७ या दुसऱ्या ट्यूबमध्ये १ आणि ६ अॅनोड, ३ आणि ८ कॅथोड. कपॅसिटर कॅथोडला जात असेल तरच तो फॉलोअर.

१२एयू७ चा फॉलोअर पुरेशा करंटवर ५००-७०० ओहम देतो, तुमच्या केबलला तो भरपूर झाला. अॅनोडवरून घेतलेला ६जे१ काही किलोओहमचा असतो. ३ किलोओहम धरले तरी ८०० पिकोफॅरडसोबत घट ६५ किलोहर्ट्झच्या पुढे जाते, त्यामुळे तुमची तक्रार त्यानेही मिटेल. फक्त गेन येईल आणि ट्यूबचा रंगही जास्त येईल. फॉलोअरमध्ये पूर्ण फीडबॅक (आउटपुट परत इनपुटमधून वजा होणं) असल्याने त्याचा रंग अगदी थोडा असतो. ‘ट्यूबचा गोडवा’ हवा म्हणून बफर शोधणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

मंद्र_पंचम
बोर्डावर स्वतःचा ५० किलोओहमचा पॉट आहे. माझा पॉट आणि तो, दोन्ही ठेवू का?

सोल्डरगन
नको. तुमच्या पॉटच्या १२.५ किलोओहमवर दुसऱ्या ५० किलोओहमचा भार पडला की आणखी २ डेसिबल जातात आणि पॉटची चालही बिघडते. पॅसिव्ह डबा काढूनच टाका. डॅक थेट बोर्डाला, बोर्ड डॅकच्या शेजारी, तिथून लांब केबल. बोर्डावरचा पॉट ट्यूबच्या आधी असेल तर ग्रिडपर्यंतची (ट्यूबच्या इनपुटपर्यंतची) वाट काही सेंटिमीटरचीच राहते. मात्र तो ट्यूबच्या आधी आहे ना, हे तपासा. नंतर असेल तर डॅकचे पूर्ण २ व्होल्ट ट्यूबवर जातील, आणि २५-३० व्होल्टवर चालणारी ट्यूब तिप्पट गेनला वाकड्या लाटा काढायला लागेल.

आपलाच डबा ठेवायचा असेल तर बोर्डावरचा पॉट काढून त्या जागी ग्रिड ते ग्राउंड ४७० किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर करा, दोन्ही चॅनेलला.

वायरमन
ॲडॉप्टरकडे दुर्लक्ष करू नका. बोर्डावर ‘एसी १२ व्होल्ट’ छापलं असेल तर आत व्होल्टेज डबलर (एसीवरून दुप्पट व्होल्टेज करणारा) असतो, डीसी दिलात तर अॅनोडला पुरेसं व्होल्टेजच मिळणार नाही. डीसीच्या बोर्डाला एसी दिलंत तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जाऊ शकतात. ६जे१ चा हीटर (ट्यूब तापवणारी तार) ६.३ व्होल्टला १७५ मिलिॲम्पिअर घेतो, पण थंड असताना कितीतरी जास्त. १ ॲम्पिअरचा ॲडॉप्टर घ्या. ट्यूबखालचा लख्ख उजेड एलईडीचा असतो, तो हीटर पेटल्याची खूण नाही.

ॲम्पला जोडण्याआधी बोर्डाच्या आउटपुटवर ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावून दोन मिनिटांनी डीसी मोजा. काही मिलिव्होल्टवर स्थिरावलं पाहिजे. २०-३० च्या वर टिकून राहिलं तर आउटपुट कपॅसिटर गळतोय.

चालू करताना आधी बफर, मिनिटभराने ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प. नाहीतर स्पीकरमध्ये धप्प होतं.

घुमी आली तर तिचा सूर ओळखा. विजेच्याच फ्रिक्वेन्सीची असेल तर बहुधा ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जाणं) किंवा एसीवरचा हीटर, दुप्पट असेल तर पुरवठ्याचं फिल्टरिंग कमी. बारीक शिट्टीसारखा आवाज स्विचिंग ॲडॉप्टरचा, तिथे ॲडॉप्टर बदलून बघा. पेन्सिलने हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून ‘टिंग’ आलं तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे. सिलिकॉनची रिंग चढवा, बोर्ड स्पीकरपासून दूर न्या.

शून्य_व्होल्ट
बफर लावून आणि न लावता तुलना करायची तर पातळी आधी जुळवा. ४०० हर्ट्झचा टोन वाजवून ॲम्पच्या टोकाला एसी व्होल्ट मोजा, फरक १ टक्क्याच्या आत आणा. १ किलोहर्ट्झ घेऊ नका, स्वस्त मल्टिमीटर तिथे चुकीचा आकडा दाखवू शकतात.

आणि केवळ चमक परत आणायची असेल तर एनई५५३२ किंवा ओपीए२१३४ या ऑपॲम्प चिपचा युनिटी गेन (सिग्नल तेवढाच ठेवणारा) बफर हेच काम जास्त स्वच्छ करतो. आउटपुटला १०० ओहम सिरीजमध्ये टाका, म्हणजे लांब केबलच्या कपॅसिटन्सने तो ऑसिलेट होणार नाही (स्वतःहून कंप पावणार नाही).

सोल्डरगन
पुढे ट्यूब बदलाव्याशा वाटल्या तर ६जे१ च्या सॉकेटमध्ये ६एके५, ५६५४ किंवा ईएफ९५ सरळ बसतात. १२एयू७ आणि ईसीसी८८ मात्र एकाच नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये बसत असल्या तरी हीटरची जोडणी वेगळी आहे. बोर्डावर तशी निवड करायचा जंपर नसेल तर अदलाबदल करू नका.